पक्षाघात

फराळाच्या ताटापाशी राजकारण काढायचे नाही, असा आमच्या आईचा दंडक आहे. तो मोडण्याचा पराक्रम आम्ही दोघा भावांनी केला. 2022 आणि 2023 या लागोपाठच्या वर्षांत आपल्या राज्यातले दोन मोठे पक्ष दुभंगले आणि त्यांच्या पाठोपाठ आमचे घर दुभंगले. दादा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि आम्ही बोलणेच टाकले. एका छपराखाली राहून "दिवा मालव" एवढेसुद्धा वहिनींच्या मार्फत सांगू लागलो. ज्यांच्यासाठी आम्ही भांडत होतो ते पुढारी मात्र लग्नकार्यात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून छायाचित्रे काढून घेत होते.

वाचकहो, त्या भांडणात बरोबर कोण होता हे ठरवण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. आम्ही दोघेही चुकलो होतो आणि आमच्यासारखी कितीतरी शहाणीसुरती माणसे या घटकेला तीच चूक करीत आहेत, हे मला भांडून सांगायचे आहे. भांडण्याची सवय इतक्या लवकर कशी सुटणार!

माझे डोळे उघडले ते दादाच्या मुलीने. ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून गाव मला विद्वान समजते, पण घरातली खरी विद्वान ती. सुटीवर आली की तिच्या पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तके जास्त. या खेपेस रक्तदाब मोजायचे यंत्रही होते. आल्या आल्या तिने हौसेने आजीच्या दंडाला पट्टा आवळला आणि तिचा चेहराच उतरला. तिने पुन्हा मोजला. वरचा आकडा 190!

"आजी, गोळ्या घेतेस ना?"

आई पदराशी चाळा करीत म्हणाली, "संपल्यात ग."

"कधी?"

"झाले नऊ दिवस."

दादाला वाटले, मी आणल्या असतील. मला वाटले, दादाने आणल्या असतील. विचारणार कसे? आम्ही बोलत नव्हतो ना! आणि आईने तरी का सांगू नये? तर म्हणे, "एकाला सांगितले असते तर दुसऱ्याला लागले असते. तुमच्यात मी आणखी एक कारण कशाला होऊ?"

आईला दवाखान्यात दाखवून, गोळ्या सुरू करून आणले, त्या रात्री पुतणी माझ्यापाशी येऊन बसली. रक्तदाब असा मोकाट राहिला तर मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते आणि शरीराची एक बाजू लुळी पडते, असे तिने मला नीट समजावून सांगितले. "त्याला पक्षाघात म्हणतात, काका." पोरीच्या मनात कोटी नव्हती. मला मात्र तो शब्द चाबकासारखा लागला. माझी एक बाजू कधीच लुळी पडली होती. त्या बाजूला दादा होता आणि आईही होती.

तिच्याजवळ एक वही असते. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि वर आणखी एका वर्षाची आंतरवासिता, असा त्यांचा घाणा. तासांचा हिशेब ठेवल्यावाचून त्यात निभाव लागत नाही. वहीच्या डाव्या पानावर दिवसाचे तास कुठे गेले ते लिहायचे. उजव्या पानावर, आणि हे मला नवीन होते, ते तास कुणाच्या जिवावर मिळाले ते लिहायचे. "एका आजोबांनी आम्हा सहा जणांना ओळीने पोट तपासू दिले. दुखत होते तरी." "खानावळीच्या मावशींनी रात्री पोळ्या झाकून ठेवल्या." कृतज्ञता म्हणजे सत्कारसमारंभात शेवटी उरकायचे आभारप्रदर्शन, अशी माझी समजूत होती. या मुलीच्या लेखी ती रोजच्या जमाखर्चाची बाब आहे. आपला म्हणून जो वेळ आपण उधळतो, तो मुळात कुणीतरी आपल्याला काढून दिलेला असतो, हा तिचा साधा हिशेब.

तिने मलाही आठवडाभर वही ठेवायला लावली. आकडे लाजिरवाणे आहेत, तरी छापतो. टीव्हीवरच्या संध्याकाळच्या वादावाद्या, मोबाइलवरची हमरीतुमरी आणि चौकातला खल मिळून 11 तास. आईपाशी बसलो तो वेळ 40 मिनिटे. कादंबरीचे एक पानसुद्धा नाही. आणि त्या 11 तासांत मी किती जणांचे मत पालटले? एकाचेही नाही. माझे कुणी पालटले? तेही नाही. "काय करणार, वेळच मिळत नाही" असे मी वर्षानुवर्षे प्रकाशकाला, शाळेतल्या पोरांना आणि आईला सांगत आलो. ते धादांत खोटे होते. वेळ होता. तो मी ज्यांना माझे नावही ठाऊक नाही, अशा माणसांच्या चरणी वाहत होतो.

आता कुणी पक्षाभिमानी उसळून विचारील, "मास्तर, मग काय राजकारण सोडून टाळ कुटत बसायचे? दवाखाने काय आभाळातून पडतात?" हा आक्षेप मीच पुतणीपुढे ठेवला. मला वाटले, डॉक्टरने राजकारणापासून चार हात दूर राहावे, असे काहीतरी छापील उत्तर ती देईल. तिने मला रुडोल्फ फिरखोची हकीगत सांगितली. 1848 साली प्रशियाच्या सरकारने या तरुण डॉक्टरला अप्पर सायलीशियात टायफसची साथ पाहायला पाठवले. त्याने परत येऊन अहवाल दिला, त्यात नुसती औषधे नव्हती. या लोकांना शिक्षण द्या, स्वातंत्र्य द्या, लोकशाही द्या, असे त्याने सरकारला बजावले. पुढे 1861 साली तो एका पक्षाच्या संस्थापकांत होता आणि खुद्द बिस्मार्कशी त्याने उभा दावा मांडला. त्याच फिरखोने बर्लिनच्या नगरसभेत बसून शहराच्या सांडपाण्याच्या योजनेसाठी वर्षानुवर्षे खटपट केली. म्हणजे पक्ष त्यालाही होता. पण तो पक्षात राहून लोकांसाठी गटारे बांधून घेत होता आणि आम्ही पक्षापायी गटारात उतरत होतो!

तेव्हा राजकारण सोडा असे मी म्हणत नाही. आपण जे करतो ते राजकारणच नव्हे, असे माझे म्हणणे आहे. सपाट मुलखात 30,000 आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारचाच निकष आहे. आपल्या केंद्रात सर्पदंशावरची लस आज शिल्लक आहे का? रात्री तिथे डॉक्टर असतो का? रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात का? माझ्या 11 तासांत हे मी कुणाला विचारले नाही आणि कुणी मला विचारले नाही. महाडकडच्या अशाच एका केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी रात्री जागवत बसले. त्यांची निरीक्षणे 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वेळ कुठे खर्च करावा याचा याहून चांगला धडा मला शाळेत शिकवता येणार नाही. त्या रोग्यांपैकी कोण कुणाला मत देतो, हे विचारायला त्यांना सवड झाली असेल, असे मला वाटत नाही.

निघायच्या आदल्या रात्री पुतणीने शरीररचनेच्या वर्गातली गोष्ट सांगितली. विच्छेदनाच्या टेबलावरचे काही देह दानात आलेले असतात, काही बेवारस. बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय आपल्याकडे 1949 च्या कायद्याने झाली. ती म्हणाली, "काका, टेबलावरच्या माणसाचे नाव आम्हाला सांगत नाहीत. जात सांगत नाहीत. पक्ष तर नाहीच नाही. वर्षभर त्याने आम्हाला शिकवले. त्याचे आभार मानायला कुणाच्या घरी जायचे? म्हणून मी ते वॉर्डातल्या माणसाला देऊन टाकते."

मी काही बोललो नाही. ज्याला घर नव्हते, अशा माणसाचे ऋण ही पोर फेडत होती. आणि ज्यांना घर होते, आई होती, सख्खा भाऊ होता, ते आम्ही सगळे फुकट मिळाल्यासारखे उधळत होतो. यालाच कृतघ्नपणा म्हणतात. त्याला पक्षनिष्ठा हे गोंडस नाव दिले म्हणून तो काही बदलत नाही.

दादा आणि मी अजूनही वेगवेगळ्या पक्षांना मते देतो आणि पुढेही देऊ. पण आईच्या उशाशी आता एक वही टांगलेली आहे. त्यात गोळ्या कधी आणल्या, रक्तदाब किती होता, हे दोन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेले असते. दादाचे अक्षर गचाळ आहे, हे मी त्याला तोंडावर सांगतो. वहिनींना मध्ये घालावे लागत नाही.

वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटापाशी वाद पेटू लागला तर एवढेच करा. क्षणभर उठा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन किती उरल्या आहेत ते मोजा. मग खुशाल राजकारणावर बोलू. बोलण्यासारखे पुष्कळ आहे.