हिमगौरी केवळ मुलांची नाही

वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ (हिमगौरी आणि सात बुटके) २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये प्रथम दाखवला गेला. तो तयार होत असताना हॉलिवूडमध्ये त्याला ‘डिस्नेचा खुळेपणा’ म्हणत. कार्टून ही तेव्हा मुख्य चित्रपटाआधीची सात-आठ मिनिटांची करमणूक. ८३ मिनिटे ते कोण पाहत बसणार, असा सवाल होता. त्याचे उत्तर प्रेक्षकांच्या गर्दीनेच दिले. इतर आक्षेप मात्र अजून टिकून आहेत.

पहिला असा की, डिस्नेंनी ग्रिम बंधूंची कथा गुळमट केली. ग्रिमच्या दुष्ट राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचावे लागते. चित्रपटात ती कड्यावरून कोसळते. बदल झाला हे खरेच. पण खुद्द ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत राणी हिमगौरीची सख्खी आई होती. १८१९ मध्ये त्यांनी तिला सावत्र केले. मूळ कथेच्या सोवळेपणाची साक्ष काढणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलटा: चित्रपट मुलांना घाबरवतो. ब्रिटनच्या सेन्सॉरने १९३८ मध्ये त्याला ‘ए’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. रानातली झाडे हात पसरून हिमगौरीवर धावून येतात, हे दृश्य आजही धडकी भरवते. परंतु गोष्टीतली भीती मुलांना नको असते, हे गृहीतच चुकीचे आहे. त्यांना हवी असते ती शेजारी बसलेली आई. ती भीती काढून टाकली असती, तर थोरांनाही पाहण्यासारखे फारसे उरले नसते.

चित्रपटाचे खरे बळ बुटक्यांत आहे. ग्रिमकडे त्यांना नावे नाहीत. इथे प्रत्येकाला नाव आणि स्वभाव मिळाला. जेवणाआधी हात धुवायला त्यांच्यातला ग्रम्पी साफ नकार देतो आणि बाकीचे त्याला उचलून पाण्यात बुचकळतात. मुले खिदळतात, आईबापांना घरची रोजची कटकट आठवते. हाच ग्रम्पी पुढे हिमगौरीला वाचवायला सर्वांच्या पुढे धावतो आणि तिच्या कलेवरापाशी ढसाढसा रडतो. चित्रकार फ्रँक थॉमस यांनी चितारलेल्या या शोकदृश्यात कोणी अवाक्षर बोलत नाही. उलट, दुसरे चित्रकार वॉर्ड किमबॉल यांनी पेन्सिलीने पूर्ण केलेला सूप पिण्याचा विनोदी प्रसंग कथा रेंगाळते म्हणून कापला गेला. नुसते हसवायचे असते, तर तो ठेवला असता.

नायिका राजपुत्राची वाट पाहत बसते, हा तिसरा आक्षेप मात्र खोडता येत नाही. आणि वाट पाहायची तरी कोणाची? चित्रकारांना तरुण पुरुषाची आकृती नीट साधेना, म्हणून राजपुत्राचे काम आधीच आखडते घेतले होते. त्याला ना स्वभाव मिळाला, ना विनोद. तो सबंध चित्रपटातला सर्वांत निर्जीव माणूस आहे.