घरीं बसून परगांवची नोकरी

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण अजून आपल्या तोंडीं आहे. पण ती म्हणणारांपैकींच बहुतेकांनीं आपलीं मुलें नोकरीसाठीं पुण्या-मुंबईस धाडलीं आहेत. त्यांत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. एका भावाच्या पगारावर दुसऱ्या भावाची विहीर खणली गेली, अशीं उदाहरणें गांवोगांव सांपडतील. मात्र नोकरी म्हणजे घर सोडणें हें जें समीकरण आजवर गृहीत धरलें जात होतें, तें आतां पुष्कळ अंशीं खरें राहिलेलें नाहीं. शहरांत आठ-दहा वर्षें काढून कंटाळलेला व धंदा बदलूं पाहणारा तरुण आज वडिलांस म्हणतो, ‘मी गांवीं येतों, संगणकावर काम करीन, पगार शहराचाच मिळेल.’ यावर वडिलांनीं काय म्हणावें, हा प्रश्न अनेक घरांत उभा आहे. आमचें मत असें कीं, ही गोष्ट साध्य आहे. परंतु नव्या वाणाप्रमाणें ती आधीं एखाद्या वाफ्यांत करून पाहावी, सबंध शेत एकदम तिच्याखालीं आणूं नये.

ही कल्पना अगदीं नवी नव्हे. माणसानें कामाकडे जाण्याऐवजीं काम तारेनें माणसाकडे न्यावें, हा विचार अमेरिकेंत जॅक नाइल्स यांनीं १९७३ सालीं मांडला. आपल्याकडे मात्र त्यास खरी चालना मार्च २०२० मधील टाळेबंदीनें मिळाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत केंद्राच्या दूरसंचार खात्यानें अशा सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवरील नोंदणी वगैरेंचीं बंधनें सैल केलीं व घरून काम करण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढें ओहोटीहि लागली. टीसीएसनें ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या नोकरांस आठवड्याचे पांचहि दिवस कचेरींत बोलाविलें. ॲमेझॉननें जानेवारी २०२५ पासून तसेंच केलें. यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सवलत म्हणून मिळालेलें घरचें काम एका पत्रानें बंद होऊं शकतें. उलट, गिटलॅबसारख्या कांहीं कंपन्यांना मुळीं कचेरीच नाहीं. तेथें दूर राहून काम करणें हीच रीत आहे. तेव्हां नेमणुकीच्या पत्रांत कामाचें ठिकाण काय लिहिलें आहे, हें पाहिल्यावांचून शहरांतील बिऱ्हाड मोडूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. धंदा बदलूं पाहणारा मनुष्य बहुधा दोन गोष्टी एकदम बदलूं पाहतो: कामाचा प्रकार आणि कामाची जागा. जाणता शेतकरी एकाच हंगामांत पीक, जमीन आणि अवजार हीं तिन्ही बदलीत नाहीं; कारण पुढें नुकसान झालें तर तें कशामुळें झालें, हेंहि त्यास कळत नाहीं. नोकरीचेंहि तसेंच आहे. नवशिका जाणत्याच्या शेजारीं बसून शिकतो. शेकडों कोसांवर असलेल्या मालकाला शेजारीं बसवून शिकवितां येत नाहीं; म्हणून तो बहुधा तयार माणूसच घेतो. अगदीं नवें काम आणि तेंहि घरून, अशी चांगल्या पगाराची जागा यामुळेंच दुर्मिळ असते. कामाचा प्रकार बदलावयाचा असेल तर तो आधीं आहे त्या कचेरींत बदलून घ्यावा, निदान सुटीच्या दिवशीं लहानसें काम घेऊन हात बसवावा. मग जागा बदलावी.

दुसरें असें कीं, जुनें ज्ञान फेंकून देऊं नये. ज्यानें दहा वर्षें बँकेंत कर्जाचे कागद तपासले, त्यास नुसता संगणकाचा नवा वर्ग करून आलेल्या पोरापेक्षां कर्जाच्या हिशोबाची प्रणाली तपासण्याचें काम अधिक चांगलें येईल. शिक्षकास पाठ लिहिण्याचें, परिचारिकेस वैद्यकीय कागदपत्रांचें, कृषि पदवीधरास उपग्रहाच्या चित्रांवरून पीक ओळखण्याचें किंवा शेतकी लिखाण मराठींत आणण्याचें काम जवळचें आहे. लग्न होऊन गांवीं आल्यावर ज्यांनीं नोकरी सोडली, अशा शिकलेल्या सुनांनाहि हीच वाट आहे. आणि आमच्या मतें या सोयीचा सर्वांत मोठा लाभ त्यांनाच व्हावयास हवा. अर्ज करतांना शंभर ठिकाणीं एकच कागद पाठविण्यापेक्षां दहा ठिकाणीं, त्या त्या कामाला अनुसरून, आपण केलेल्या कामाचा नमुना जोडून पाठवावा. दूरचा मालक चेहरा पाहत नाहीं, काम पाहतो. चार ओळींत मुद्देसूद लिहितां येणें हाहि तेथें मोठाच गुण ठरतो, कारण तेथील पुष्कळसा व्यवहार लेखी चालतो.

या वाटेवर चोरहि पुष्कळ आहेत. ‘घरीं बसून दिवसाला हजारों रुपये’ अशी जाहिरात मोबाइलवर येते. प्रथम क्षुल्लक कामाबद्दल शे-दोनशे रुपये खरोखरच खात्यांत जमा होतात; मग मोठ्या कामासाठीं अनामत मागतात, आणि ती भरली कीं आणखी मागतात. अशा धंद्यांत गुंतलेलीं शंभराहून अधिक संकेतस्थळें डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें बंद केलीं. पण एक बीळ बुजविलें तर उंदीर दुसरें पाडतो. येथें एकच नियम पुरे आहे: नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाहीं. फसवणूक झाल्यास लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें; पैसे पुढें जाण्यापूर्वीं अडविले जाण्याची शक्यता पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते. नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या शिकवण्यांसाठीं जमीन गहाण टाकण्याचा विचारहि आम्हांस तितकाच अनिष्ट वाटतो. विद्या कमी पडली तर पुन्हां मिळवितां येते. विकलेला बांध परत येत नाहीं.

पगाराचा आंकडा ऐकून हुरळून जाऊं नये. परदेशी कंपन्या पुष्कळदां नोकर म्हणून न ठेवतां करारानें काम देतात. समजा, येथील नोकरींत मूळ वेतन दरमहा ४०,००० रुपये आहे आणि मालक त्यावर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधि भरतो. ते ४,८०० झाले. ग्रॅच्युइटी नोकरीच्या प्रत्येक वर्षास सुमारें २३,००० रुपये, म्हणजे दरमहा १,९०० धरावी. करारांत हीं दोन्ही नसतात. भरपगारी रजा बहुधा नसते आणि आजारपणाचा विमा आपला आपण उतरावा लागतो. तेव्हां कराराची रक्कम वेतनाहून चांगलीच मोठी असेल तरच ती बरोबरीची समजावी.

शेतकरी कुटुंबास आणखी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाहीं. परंतु इतर उत्पन्न करपात्र मर्यादेबाहेर गेलें आणि शेतीचें निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांवर असलें, तर कराचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्नहि हिशोबांत धरतात. तसेंच मागील करनिर्धारण वर्षांत ज्यानें प्राप्तिकर भरला, त्याच्या कुटुंबास पीएम-किसानचे वार्षिक ६,००० रुपये मिळत नाहींत. येथें कुटुंब म्हणजे पति, पत्नी व अज्ञान मुलें. म्हणून सज्ञान मुलानें कर भरल्यामुळें वडिलांच्या नांवच्या हप्त्यास बाध येत नाहीं. हे हिशोब आधीं मांडावेत, म्हणजे मागाहून घरांत वाद होणार नाहींत.

शेवटची अडचण घरचीच आहे. न्यूयॉर्कमध्यें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां आपल्याकडे हिंवाळ्यांत सायंकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यांत साडेसहा झालेले असतात. तेथील मालकाच्या वेळेनें आठ तास काम करणारा मुलगा हिंवाळ्यांत पहांटे साडेतीनला झोंपतो. त्यास पांचला धारेसाठीं उठवावें, दुपारीं तालुक्याला पिटाळावें, आणि ‘घरींच तर असतो’ म्हणून हिणवावें, हा अन्याय आहे. घरीं दिसणारा मुलगा रिकामा नसतो, हें वडीलधाऱ्यांनीं पटवून घेतल्याखेरीज ही नोकरी टिकणार नाहीं. विजेचाहि विचार हवा. पुष्कळ ठिकाणीं गांवठाणाची वीज आणि पंपाची वीज निराळ्या वाहिन्यांवर असते, व पंपाची वीज पाळीनें येते. वस्तीवर राहणारांस इन्व्हर्टर आणि इंटरनेटची दुसरी जोडणी यांचा खर्च धरूनच बेत करावा लागेल.

पण हा खर्च प्रत्येकानें एकट्यानेंच कां सोसावा? तमिळनाडूंत झोहो कंपनीनें २०११ पासून तेनकाशी येथें कचेरी चालवून खेड्याकडील भागांतहि असें काम होऊं शकतें हें दाखविलें आहे. आपल्या संस्थांपाशीं कंपनी नाहीं, परंतु इमारती आहेत. गांवठाणांतील गोदामाशेजारची एखादी खोली, चार टेबलें, दोन निरनिराळ्या इंटरनेट जोडण्या आणि बॅटऱ्यांची सोय एवढ्यावर दहा जणांचें काम चालेल. त्याचें माफक भाडें घ्यावें. बियाणें, खत आणि कर्ज यांसाठीं जशी संस्था काढली, तशीच सोय घरीं परतूं पाहणाऱ्या शिकलेल्या मुलामुलींसाठीं करणें, हें आम्ही सभासदांचें कर्तव्य समजतों. येत्या वार्षिक सभेंत हा विषय कोणीतरी मांडावा. मुलांनीं मात्र तोंवर हातची नोकरी सोडूं नये. सहा महिन्यांचा घरखर्च गांठीस बांधावा, आणि पहिला वाफा उगवलेला डोळ्यांनीं पाहूनच पुढची पेरणी करावी.