फ्लॅट आपला, जमीन सिडकोची!

वडूज-खटाव भागातली कितीतरी माणसं मुंबईला गेली, माथाडी म्हणून आयुष्यभर ओझी वाहिली आणि नवी मुंबईत घर केलं. पण त्या घराखालची जमीन सिडकोची, भाडेपट्टा ६० वर्षांचा! १९८० साली सुरू झालेला पट्टा २०४० ला संपणार. मुदत जसजशी कमी होईल तसतसा बँक कर्जाला हात आखडता घेईल, गिऱ्हाईक भाव पाडेल. ज्यांनी घराचे पूर्ण पैसे मोजलेत, त्यांना मुदतवाढीसाठी ऐनवेळी कोंडीत पकडू नका. सरकारने रक्कम आत्ताच ठरवावी, हप्ते द्यावेत. आणि मुंबईकरांनो, करारातली तारीख आजच बघा, सोसायटीच्या सभेत विषय घ्या. एकट्यादुकट्याच्या अर्जानं काही हलत नसतं.