धरणातील मासे : संख्या की वाढ?

माणूस ठरावीक वयानंतर उंचीने वाढावयाचा थांबतो. मासा मात्र जगेल तोवर वाढू शकतो. 'शकतो' असे आम्ही म्हणतो, कारण त्याची वाढ त्याच्या एकट्याच्या हाती नसते. एकाच वयाचे मासे दोन तलावांत वाढविले, तर एकीकडचे हातभर व दुसरीकडचे वीतभर निघावेत, असे सहज घडते. खवल्यांवरील वलये वय सांगतात; आकार मात्र पाण्याची कथा सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शहराजवळच्या एका तलावात मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ आम्ही पाहिला. हार झाले, भाषणे झाली, बीजाची लाखांतील संख्या मोठ्या आवाजात जाहीर झाली आणि आम्हीही टाळ्या पिटल्या. हिवाळ्यात त्याच काठावर भोयांच्या टोपल्यांत बोटाएवढे मासे पाहिले, तेव्हा त्या टाळ्यांची आम्हाला थोडी लाज वाटली. सोडलेल्या माशांची संख्या हे यशाचे माप नव्हे, हेच आम्हास येथे सांगावयाचे आहे.

या बाबतीत अमेरिकेतील बास माशाची हकीकत बोधप्रद आहे. मोठ्या तोंडाचा हा शिकारी मासा तेथील धरणांत व तळ्यांत गळाने पकडण्याचा छंद लाखो लोकांना आहे. 1932 साली जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंस, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाचा बास गळाला लागला. त्या विक्रमाची बरोबरी व्हावयास 2009 साल उजाडले, तीही जपानातील बिवा सरोवरात. लोक गळ टाकणाऱ्याचे कौतुक करतात. पाण्याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही.

ती विचारपूस अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे होमर स्विंगल या संशोधकाने केली. त्याने तळ्यांत बास आणि त्याचे भक्ष्य असलेला ब्लूगिल हा लहान मासा एकत्र वाढविले. ब्लूगिल एकटाच ठेवला, की त्याची प्रजा बेसुमार वाढे, अन्न अपुरे पडे आणि सारेच खुरटत. बास असला म्हणजे तो पिल्ले खाऊन गर्दी कमी करी. उरलेले ब्लूगिल पोसत आणि बासही धष्टपुष्ट होई. परंतु माणसाने हावरेपणाने बास काढून नेले, की पुन्हा ब्लूगिलची दाटी होई. तात्पर्य, जितकी तोंडे तितके घास हवेत.

अन्नाखेरीज इतरही कारणे आहेत. माशाचे रक्त पाण्याबरोबर थंड होते. थंडीत त्याची भूक मंदावते व वाढही रेंगाळते. बासची मादी नराहून मोठी होते. नर उथळ पाण्यात घरटे करून अंडी राखतो; त्याच वेळी धरणाचे पाणी एकाएकी उतरले, तर ती अंडी कोरडी पडतात. उलट पाणी चढून काठचे गवत बुडाले, तर पिल्लांना आसरा व अन्न दोन्ही लाभतात.

मग बासच आपल्याकडे का आणू नये, असे कोणी विचारील. ग्वाटेमाला देशातील आतित्लान सरोवरात 1958 ते 1960 च्या सुमारास बास सोडला गेला. त्याने तेथील लहान मासे व खेकडे फस्त केले. टिबुकलीच्या जातीचा, उडता न येणारा एक पक्षी त्या सरोवराखेरीज कोठेही नव्हता. तो पुढे नामशेष झाला आणि त्याच्या नाशाच्या कारणांत बासची गणना होते. परका मासा आणणे सोपे. परत पाठविणे अशक्य.

आपल्याकडे 1952 साली आणलेल्या तिलापियाचाही धडा आहेच : अल्पवयात अंडी घालून तो तळे भरून टाकतो आणि स्वतःच खुरटतो. आपले कटला, रोहू व मृगळ हे पाण्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या थरांत चरतात; एकमेकांना खात नाहीत. मात्र साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 1957 साली ओरिसातील अंगुळ येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी अंतःक्षेपणाने त्यांचे प्रजनन साधले, म्हणूनच आज बीज विपुल मिळते. विपुलतेबरोबर विवेक मात्र आला नाही.

आमच्या मते बीज सोडण्यापूर्वी तलावातील अन्नाचा अंदाज घ्यावा. नुसती इवलीशी पिल्ले न सोडता बोटभर, सुमारे 100 मिलिमीटर वाढलेली सोडावीत. नाही तर ती शिकारी माशांचा फराळ ठरतात. जाळ्याचे डोळे मोठे असावेत. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारीस बंदी असते. ती मनापासून पाळावी.

भोयाची चूल रोज पेटावी लागते, त्याने थांबावे कसे, हा आक्षेप खरा आहे. उपाशी माणसास संयमाचा उपदेश करणे आम्हास शोभत नाही. म्हणूनच बंदीच्या महिन्यांत त्याला आधार देणे हे समाजाचे कर्तव्य होय. कारण लहान मासा आज विकून सर्वांत अधिक नुकसान त्याचेच होते.

येत्या पावसाळ्यातही समारंभ होईल आणि आम्हीही जाऊ. टाळ्या मात्र आम्ही पुढील वर्षीच्या तराजूसाठी राखून ठेवणार आहोत.