यंत्रमानवाचे हात आणि खानदेशातील कर्णबधिर मूल

तुर्कस्तानातील इस्तंबूल तांत्रिक विद्यापीठात 2010 नंतरच्या काही वर्षांत एक लक्षणीय प्रयोग झाला. मुलांना खेळातून तुर्की सांकेतिक भाषेचे शब्द शिकविण्याचे काम मानवसदृश यंत्रमानवावर सोपविण्यात आले. यंत्रमानव गोष्ट सांगतो, ठरावीक शब्द हातांनी करून दाखवितो आणि मूल त्यास जुळणारे चित्र निवडते.

असा यंत्रमानव उद्या जळगाव वा धुळ्याच्या शाळेत आला तर काय घडेल, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो. मूल रमेल, यात शंका नाही. यंत्र कंटाळत नाही, रागावत नाही, तीच खूण पन्नास वेळा दाखविते.

अडचण हातांपासूनच सुरू होते. प्रयोगातील ‘नाओ’ हा यंत्रमानव जेमतेम 58 सेंटिमीटर उंचीचा. त्याच्या हाताला तीनच बोटे आणि तीही स्वतंत्रपणे हलत नाहीत. म्हणून पाच बोटांचा ‘रोबोवी’ही वापरावा लागला. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे दोन्ही हातांच्या बोटांनी दाखवितात. शिवाय भुवया, ओठ व मान यांच्या हालचाली हा या भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे. ‘तू कोठे जातोस’ असे विचारताना ‘कोठे’ ही खूण शेवटी येते आणि प्रश्न चेहऱ्यावर उमटतो. नाओचा चेहरा मात्र निश्चल. त्यात पुन्हा, तो बनविणारी फ्रान्समधील आल्डेबरान कंपनी जून 2025 मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्याचा सुटा भाग शिरपूरला कोण आणून देणार?

खानदेशातील मुलाची व्यथा याहून मूलभूत आहे. घरात अहिराणी वा पावरी, शाळेत मराठी, आणि मुलापर्यंत यांतील एकही पोहोचत नाही. मुलाला ऐकू येत नाही हे पुष्कळदा उशिरा ध्यानात येते. तोवर भाषा रुजण्याची कोवळी वर्षे सरतात. ‘जेव’, ‘झोप’, ‘इकडे ये’ हे आई खुणेने सांगते. ‘काल’, ‘कशासाठी’, ‘भीती वाटते’ यांसाठी घरात खूणच नसते. ऊसतोडीला कुटुंब निघाले की शाळाही सुटते.

मुंबईचे बिशप लिओ मेउरिन यांनी 1885 च्या सुमारास काढलेली कर्णबधिरांची शाळा भारतातील पहिली मानली जाते. पुढे मात्र आपल्याकडील शाळांत दीर्घकाळ ओठांवरून बोलणे ओळखण्यावरच भर राहिला. भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संस्था दिल्लीत 2015 साली उभी राहिली. तिच्या शब्दकोशात 2021 पर्यंत 10,000 शब्द आले. हे शब्द चित्रफितींच्या रूपात साध्या भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

यंत्रमानव आणायचाच असेल तर तो आधी ऐकणाऱ्या भावंडांसाठी व वर्गमित्रांसाठी आणावा, असे आमचे मत आहे. खेळ म्हणून त्यांनी शंभर खुणा आत्मसात केल्या तरी कर्णबधिर मुलाला मधल्या सुट्टीत बोलायला कोणी मिळेल. त्या मुलाला स्वतःला मात्र प्रथम असा मोठा माणूस भेटावा, जो त्याच्याप्रमाणेच ऐकू शकत नाही आणि तरीही हातांनी सविस्तर गोष्ट सांगतो. दिल्लीच्या त्याच संस्थेत कर्णबधिर तरुणांना सांकेतिक भाषेचे शिक्षक बनविणारा पदविका अभ्यासक्रम चालतो. चोपडा, साक्री, यावल येथील किती तरुणांपर्यंत ही वार्ता पोहोचली आहे, हे आपापल्या गावी विचारून पाहावे.