आधी बादली मोजा

दिवाळी जवळ आली की आपल्या व्यवसायात एकच प्रश्न घुमू लागतो : सोलर बसवू, की हीट पंप? पाइपचा गॅस मोठ्या शहरांच्या काही भागांत पोचला आहे. तालुक्याच्या गावी, नव्या लेआउटात, वसतिगृहात पाणी तापवायला अजून वीज, सिलिंडर किंवा ऊन एवढेच हाताशी असते. ग्राहक यंत्राचे नाव घेऊनच येतो आणि आपणही लगेच कॅटलॉग उघडतो. आमच्या मते त्याआधी पाणी मोजायला हवे.

२० लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. १५० मुलांच्या वसतिगृहात एकेक बादली धरली तर रोजचे ७५ युनिट झाले. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, म्हणून तेच काम २५-३० युनिटांत होते. पण सगळी मुले साडेपाच ते साडेसातमध्येच आंघोळ करतात. म्हणजे पंपाच्या ताकदीइतकीच टाकी महत्त्वाची : ५५ अंशांचे दोन हजार लिटर पाणी पहाटे तयार हवे. पाणी पहाटे लागते म्हणून पंपही पहाटे चालवायचा, हा हिशेब मात्र उलटा आहे. नाशिकला जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, दुपारी पंचविशीच्या पुढे जातो. दुपारच्या हवेत तोच पंप कमी विजेत तेवढेच पाणी तापवतो आणि चांगल्या पफच्या टाकीत ते सकाळपर्यंत टिकते. टायमरचा खर्च पहिल्याच हिवाळ्यात निघतो.

हेच काम सोलरने करायचे तर शंभर लिटरला दोन चौरस मीटर या हिशेबाने चाळीस चौरस मीटर कलेक्टर लागतील, मधली मोकळी जागा वेगळी. गच्ची मोठी असेल, पाणी गोडे असेल आणि देखभालीला माणूस असेल तर सोलरइतके स्वस्त पाणी दुसरे नाही. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने मात्र फ्लॅट प्लेटच्या तांब्याच्या नळ्या बुजतात. तिथे काचेच्या नळ्यांचे मॉडेल घ्या किंवा हीट एक्स्चेंजर लावा. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून गच्चीवर दुसरा दावेदार उभा आहे : विजेचे सोलर पॅनेल. मे महिन्यात सोलरच्या टाकीतले उकळते पाणी कोणालाच नको असते. पॅनेलची वीज पंख्याला तरी चालते. गच्ची तुटपुंजी असेल तर आम्ही पॅनेल आणि हीट पंप या जोडीच्या बाजूने आहोत. आणि सोलरच्या टाकीतला बॅकअप हीटर रात्रभर चालू ठेवू नका. सकाळी ऊन येते तेव्हा टाकी आधीच तापलेली असते आणि सोलर असूनही बिल चढते.

पाइपचा विचार सगळ्यात शेवटी होतो, तक्रारी मात्र सगळ्यात आधी त्याच्याच येतात. आतून २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावते. चार मजली इमारतीत गच्चीवरून वळणे घेत तळमजल्यापर्यंत वीस मीटर झाले, तर अर्धी बादली गार पाणी सोडल्याशिवाय गरम पाणी येणारच नाही. हॉट लाइनला इन्सुलेशन, आणि मोठ्या इमारतीत टायमरवरचा छोटा सर्क्युलेशन पंप, हे दोन्ही कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून लिहा. ग्राहक खोडेल, खोडू द्या, पण लेखी.

दोन फ्लॅटांच्या छोट्या बंगल्याला एवढा व्याप नको. पंचवीस लिटरचा, जास्त स्टारचा गिझर पुरतो.

राहिला सिलिंडरवरचा गॅस गिझर. स्वस्त, झटपट, म्हणून मागणी भरपूर. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते आणि चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये ती जेमतेम साडेपाच घनमीटर असते. दार-खिडकी लावून पाठोपाठ दोघा-तिघांनी आंघोळ केली की ज्योत गुदमरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. गिझर बाहेर, बाल्कनीत किंवा डक्टकडे, आणि नुसते गरम पाणी आत. दुसरी कोणतीही मांडणी करू नये. ग्राहक ‘एक्झॉस्ट फॅन आहे की’ म्हणेल. आंघोळ करणारा तो फॅन दरवेळी लावेलच, याची हमी कोण देणार? जागा नसेल तर काम सोडा. दुसरा कोणी येऊन बसवील, हे खरे. तरी नकाराचे कारण ग्राहकाला लिहून द्या.