चिल्ला ४० दिवसांचा, मुदत ६० दिवसांची

हिंजवडीहून एका भगिनीने विचारले आहे : "बाळ ५ आठवड्यांचे झाले, डोळे अजून पिवळेच आहेत. शी पांढरट होते. डॉक्टर यकृताचा तुकडा तपासायचा म्हणतात. नानी म्हणते, चिल्ला होऊ दे, कोवळे ऊन दाखव, कावीळ उतरेल. एवढ्याशा जिवाला सुई कशाला?"

नानीची माया आम्ही जाणतो. नवजात बाळाची बहुतेक कावीळ आपोआप उतरतेही. पण १४ दिवसांनंतरही ती राहिली, तर 'डायरेक्ट बिलिरुबिन' ही रक्ताची तपासणी करून घ्यावी. शी पांढरट किंवा मातकट आणि लघवी गडद पिवळी असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका येते. या आजाराला 'बिलिअरी अट्रेशिया' म्हणतात. सुरुवातीला असे बाळ दूध पिते, हसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. आत मात्र साचलेल्या पित्ताने यकृत खराब होत जाते.

मग तुकडा कशाला? सोनोग्राफीवरून दर वेळी पक्के कळत नाही. यकृताच्या इतर काही आजारांतही बाळ असेच पिवळे दिसते. म्हणून रक्त नीट गोठते का ते पाहून, बारीक सुईने दोऱ्याएवढा तुकडा घेतात. पित्तनलिकांच्या पेशींत सीके-७ आणि सीके-१९ नावाची प्रथिने असतात. त्यांनाच चिकटणारा खास रंग तुकड्यावर चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नलिका उठून दिसतात. त्या फार वाढलेल्या आणि पित्ताने तुंबलेल्या असतील, तर पुढे रस्ता बंद असल्याची खूण. त्या मुळातच कमी असतील, तर आजार दुसरा आणि उपचारही दुसरा. सीडी-५६ नावाची आणखी एक खूणही काही ठिकाणी पाहतात. एकट्या रंगावर निकाल देत नाहीत. शेवटची खात्री शस्त्रक्रियेच्या वेळी नलिकेत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेने होते.

ही घाई कशासाठी, तेही सांगतो. जपानचे सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देतात. ती ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची आशा अधिक. उशीर होईल तशी ती कमी होते. पुढे अनेक मुलांना यकृत प्रत्यारोपण लागते, हे खरे. पण वेळेवरच्या शस्त्रक्रियेने बाळाला वाढायला वर्षे मिळतात.

तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक आईला शीच्या रंगांचे कार्ड देतात. आपण निदान लंगोट उजेडात पाहू शकतो. आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांनाही तो दाखवावा.

चिल्ल्याची विश्रांती आईसाठी आहे, बाळाच्या इलाजात ती आड येत नाही. भगिनी, तुमच्या हातात जेमतेम ३ आठवडे आहेत. दुआ चालू ठेवा आणि तपासणीला उद्याच जा.